जोडणी नेमकी कोठे तुटली?

तमिळनाडूतील कुंभकोणमजवळच्या तिरुनीलक्कुडीसारख्या गावी ब्रॉडबँड बंद पडले आणि घरच्या संगणकावर लिनक्स असले, की दोष लिनक्सच्या माथी मारला जाण्याचा संभव फार. चेन्नईच्या सी-डॅकने २००७ मध्ये प्रसृत केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही लिनक्सच. मग ती पुसून नव्याने घातली जाते. साठविलेली कागदपत्रे जातात आणि जोडणी बंद ती बंदच!

त्यापूर्वी मोडेमवरील लाइनचा दिवा पाहावा. तो स्थिर नसेल, तर बिघाड बहुधा बाहेरच्या तारेत असतो. स्थिर असल्यास ‘पिंग’ ही आज्ञा द्यावी. ती दिलेल्या पत्त्यावर लहानसा संदेश पाठवते व उत्तराची वाट पाहते. प्रथम मोडेमचा पत्ता द्यावा. पुष्कळदा तो १९२.१६८.१.१ असतो. (आकडे अर्थात इंग्रजी अंकांत टंकावेत.) उत्तर आले, म्हणजे घरातील जोडणी शाबूत आहे. मग ८.८.८.८ हा बाहेरचा पत्ता द्यावा. येथे उत्तर न आल्यास मोडेममधील पासवर्ड तपासावा, नाहीतर सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी.

उत्तर येते, पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, असेही घडते. तेव्हा तार ठीक असते. नावावरून क्रमांक शोधून देणारा डीएनएस सर्व्हर तेवढा सापडत नाही. दूरध्वनी चालू असावा, पण क्रमांकांची वही हरवावी, तसे हे! नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ लिहिले, की बहुधा काम भागते.