गाडीवर ओरखडा आलाय? आधी नख फिरवून बघा! बारीक ओरखडे घरच्या घरी असे काढा

पुणे : मार्केट यार्डाचं काम असो की नाना पेठेतून स्पेअर पार्ट आणायचे असोत, गाडी घेऊन पुण्यात गेलं की दारावर एखादी नवी रेघ घेऊनच परत यावं लागतं. पेठांच्या गल्ल्या अरुंद, त्यात दुचाकींची दाटी. कुणाचं हँडल घासतं, कुणाचा लेग गार्ड. गावाकडच्या रस्त्याला बाभळीच्या फांद्या आणि ट्रॉलीबाहेर आलेले ऊस आहेतच. प्रत्येक रेघेसाठी गॅरेजला जाऊन अख्खा दरवाजा रंगवायचा म्हटलं तर हजारोंचा खर्च. पण बारीक ओरखडा असेल तर तासाभरात घरीच काढता येतो. फक्त कोणता काढायचा आणि कुठे थांबायचं, हे माहीत हवं.

ओरखडा नेमका कुठे असतो?

गाडीच्या पत्र्यावर एकच रंग नसतो. आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीला चमक येते ती यामुळेच. हे सगळे थर मिळून जाडी साधारण वहीच्या एका कागदाएवढी. त्यातला क्लिअर कोट तर ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ.

आता मुद्द्याची गोष्ट. रबिंग कंपाउंडने ओरखडा भरून येत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा थर किंचित घासून सपाट होतो, म्हणून रेघ दिसेनाशी होते. म्हणजे प्रत्येक वेळी क्लिअर कोट थोडा कमी होतो. दर महिन्याला कंपाउंड मारणारे हौशी लोक गाडी चमकवत नाहीत, तिचं आयुष्य कमी करतात.

आधी दोन सोप्या तपासण्या

१. पाणी शिंपडा : ओल्या जागी रेघ दिसेनाशी झाली, तर ती बहुतेक वरच्या थरातच आहे. घरी निघू शकते.

२. नख फिरवा : ओरखड्यावर आडवं नख हलकेच फिरवा. नख अडकलं नाही तर काम घरी होईल. अडकलं तर ओरखडा खोल आहे, कंपाउंड घासत बसू नका.

कधी कधी तो ओरखडा नसतोच. दुसऱ्या गाडीचा रंग आपल्या गाडीला चिकटलेला असतो. पांढरा किंवा वेगळ्या रंगाचा पट्टा दिसत असेल तर थोड्याशा कंपाउंडने तो सहज निघतो.

सामान काय लागेल?

कार शाम्पू, दोन बादल्या, तीन-चार मायक्रोफायबर फडकी, रबिंग कंपाउंड, पॉलिश, वॅक्स आणि मास्किंग टेप. हे सगळं ऑटो अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात मिळतं. कंपाउंड घेताना 'गाडीच्या रंगासाठी, बारीक' असं सांगून मागा.

असं करा

१. गाडी सावलीत लावा. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड वाळून चिकटतं.

२. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी घ्या. फडकं आधी साध्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत बुडवा. धूळ राहिली तर घासताना तीच नवे ओरखडे पाडते.

३. कोरड्या फडक्याने टिपून घ्या. बोअरचं पाणी वाळू देऊ नका, पांढरे डाग पडतात.

४. ओरखड्याच्या बाजूने टेप लावून वीतभर जागा मोकळी ठेवा. जवळचं काळं प्लॅस्टिक आणि रबरही टेपने झाका. त्यावर कंपाउंड लागलं तर पांढरट डाग राहतो.

५. फडक्यावर वाटाण्याएवढं कंपाउंड घ्या. बोटांच्या हलक्या दाबाने २०-२५ वेळा मागे-पुढे घासा. पुसा आणि बघा.

६. फरक पडला तर आणखी एक-दोनदा करा. तीनदा करूनही रेघ तशीच असेल तर थांबा.

७. शेवटी स्वच्छ फडक्याने पॉलिश आणि त्यावर वॅक्स लावा.

बॉनेट आणि दरवाजाच्या कडांना जपा, तिथला रंग लवकर उडतो. फडक्यावर गाडीचा रंग उतरताना दिसला तर हात लगेच थांबवा. क्लिअर कोट संपल्याची ती खूण असू शकते. काही जुन्या गाड्यांना हा थर नसतोच, त्यांचा रंग थोडा उतरतो. फडकं जमिनीवर पडलं तर धुतल्याशिवाय परत वापरू नका.

हे करू नका

- टूथपेस्ट : अगदी बारीक रेघ फिकी होते, पण ती दातांसाठी बनलेली आहे. गाडीसाठी बारीक कंपाउंडच बरं.
- खोबरेल तेल : ओरखड्यात तेल भरतं म्हणून रेघ दिसत नाही. गाडी धुतली की परत हजर.
- डिझेलचं फडकं : चमक येते, पण त्यावर धूळ बसते. पुढच्या वेळी पुसताना तीच घासली जाते. रबरही खराब होतं.
- राख, भांड्यांची पावडर, तारेची घासणी : याने नवीनच काम वाढतं.
- थिनर : रंगच मऊ होऊन निघू शकतो.

दसऱ्याला बॉनेटवर हार बांधताना तार पत्र्याला लागू देऊ नका. गाडी चालताना ती तिथेच घासत राहते.

ओरखडा खोल असेल तर?

पत्रा दिसत असेल तर वेळ घालवू नका, पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. तात्पुरता उपाय म्हणून टच-अप रंग लावता येतो. त्यासाठी गाडीचा कलर कोड लागतो. तो बहुतेक गाड्यांत दरवाजाच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. नुसतं 'पांढरा द्या' म्हणू नका, पांढऱ्यातही बऱ्याच छटा असतात.

विम्याचा क्लेम करण्याआधी हिशेब करा. १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममध्ये पहिले १,००० रुपये आपल्याच खिशातून जातात, त्यापुढच्या कारला २,००० रुपये. शिवाय नो क्लेम बोनस जातो. क्लेम न केल्यास पहिल्या वर्षानंतर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते आणि सलग पाच वर्षांनी ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका रेघेपायी ही सूट घालवायची की नाही, ते आकडे मांडूनच ठरवा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर अशा ओरखड्याचे पैसे मिळतच नाहीत.