एका खिळ्याचं राजकारण

अमेरिकेत हिवाळ्यात गाडीला कोणते टायर चालतील, हे ज्याचं त्याचं राज्य ठरवतं. अलास्काच्या कायद्यात तर चक्क अक्षांश आहे! ६० अंशांच्या उत्तरेला खिळ्यांचे टायर सप्टेंबरच्या मध्यापासून लावता येतात, दक्षिणेला ऑक्टोबर उजाडावा लागतो. म्हणजे अँकरेजला मुभा मिळते, तेव्हा राजधानी जुनो अजून वाट बघत असते.

एवढं काय आहे त्या खिळ्यात? रबरातून जेमतेम मिलिमीटरभर डोकावणारं टंगस्टन कार्बाइडचं टोक. बर्फ सर्वात निसरडा होतो तो शून्य अंशाच्या आसपास, कारण तेव्हा त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. तिथे रबर हात टेकतं आणि खिळा बर्फात रुततो. पण तोच खिळा कोरड्या रस्त्यावर आला की? चाक एका किलोमीटरला साधारण ५०० वेळा फिरतं. टायरला शंभर खिळे धरले, तर चार चाकांचे मिळून किलोमीटरला दोन लाख घाव! काँक्रीट झिजतं, चाकोऱ्या पडतात, त्यांत पावसाचं पाणी साठतं आणि मागून येणाऱ्या गाडीची चाकं त्या पाण्यावर तरंगू लागतात. एकाचा जीव सांभाळणारी वस्तू दुसऱ्याचा जीव धोक्यात घालते. हा प्रश्न विधिमंडळात जाणारच होता.

मिनेसोटाने १९७१ मध्ये या टायरांवर बंदी घातली. इतक्या थंड राज्याने! खेडोपाडी टपाल पोचवणाऱ्यांसाठी मात्र परवान्याची सोय ठेवली; मला ही तरतूद फार माणुसकीची वाटते. वॉशिंग्टन राज्याची अडचण वेगळी. कॅस्केड पर्वताच्या पश्चिमेला सिअ‍ॅटलमध्ये पाऊस आणि ओले, उघडे रस्ते. घाट चढला की हिम. तिथे बंदीऐवजी मधला मार्ग निघाला: खिळे १ नोव्हेंबर ते ३१ मार्च एवढेच दिवस, तेही हलक्या वजनाचे, आणि २०१६ पासून प्रत्येक नव्या खिळेदार टायरमागे पाच डॉलर शुल्क.

दरम्यान रसायनशास्त्राने या वादाची धार बरीच कमी केली आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण सात अंशांखाली ताठर होऊ लागतं. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका मिसळून ते कडाक्याच्या थंडीतही मऊ राखतात आणि त्यावर बारीक चिरा पाडतात. त्या चिरांच्या शेकडो कडा हिमाला धरतात. लख्ख, गुळगुळीत बर्फावर खिळा अजूनही सरस ठरतो. बाकी बहुतेक हिवाळाभर मी तरी बिनखिळ्यांचेच टायर निवडेन.

तिकडे नव्याने गेलेल्या आपल्या मंडळींनी टायरच्या बाजूवरचं चिन्ह बघावं: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाची चांदणी. हे चिन्ह हिमावरच्या पकडीची चाचणी पार केल्यावरच मिळतं. नुसत्या ‘एम अँड एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि हिम) अक्षरांना अशी चाचणी लागत नाही.