डायचे इंजेक्शन आणि मूत्रपिंड

पेणमधले एक गृहस्थ परवा रिपोर्टांची पिशवी घेऊन आले. हयात गणपतीच्या कारखान्यात गेलेली. छातीत दुखते म्हणून अँजिओग्राफी सुचवली होती, पण तीन आठवडे ते टाळत होते. म्हणाले, "डॉक्टर, आयुष्यभर मूर्तींना रंग दिला. आता माझ्या अंगात रंग सोडणार म्हणतात. किडनी जाईल हो!"

प्रथम हे सांगतो की यात रंग मुळीच नसतो. डाय म्हणतात खरे, पण तो पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. त्यातले आयोडीन क्ष-किरण अडवते, म्हणून रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसतात. (एम.आर.आय.चा डाय वेगळा, त्याविषयी पुन्हा कधीतरी.) काम झाले की हा डाय लघवीवाटे बाहेर पडतो, आणि भीतीचे मूळ तिथेच आहे.

आपली दोन्ही मूत्रपिंडे मिळून जेमतेम ३०० ग्रॅमची, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर रक्त, त्यांच्याकडे जाते. त्यातले बहुतेक बाहेरच्या थराला मिळते. आतल्या गाभ्याला थोडेच, आणि मीठ परत खेचून घेण्याचे कष्टाचे काम मात्र त्याच्याकडे! कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेत असलेल्या रोहेकरांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको. वर पाणी जरा कमी सोडले की पहिले कोरडे पडते ते त्यांचेच शेत. डाय पोचल्यावर मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या क्षणभर सैल होतात आणि मग आवळतात. शिवाय डाय दाट असल्याने बारीक नलिकांतून सावकाश सरकतो. गाभ्याला प्राणवायू कमी पडतो. निरोगी माणसाचे मूत्रपिंड हा ताण सहज सोसते.

सोसत नाही ते कुणाचे? काही वर्षांपूर्वी रोह्याच्या एका मावशींना मी सीटी स्कॅन लिहून दिला. जुना मधुमेह, गुडघेदुखी. चिठ्ठीवर मी 'उपाशीपोटी' एवढेच लिहिले. त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नाही. मे महिना, पहाटेची गाडी, वर दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या चालूच. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, क्रिएटिनीन वाढले. आठवडाभरात सारे पूर्ववत झाले, पण चूक माझी होती. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंड स्वतःच एक द्रव्य तयार करून आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या नेमके तेच द्रव्य बंद करतात.

अलीकडे एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. पूर्वी डायला जरुरीपेक्षा जास्त दोष दिला गेला. आजारी माणसाचे क्रिएटिनीन डायवाचूनही वाढते. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची आणि मूत्रपिंडविकारांची संस्था यांनी २०२० साली एकत्र निवेदन काढले. त्यानुसार खरी काळजी आहे ती मुख्यतः ज्यांचा ई.जी.एफ.आर. ३० च्या खाली आहे किंवा मूत्रपिंडाला नुकतीच इजा झाली आहे त्यांची. अशांना आधी व नंतर सलाईन देतात आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन ४८ तास थांबवतात. तेव्हा क्रिएटिनीनचा ताजा रिपोर्ट न्यावा आणि कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगावे. पाणी किती वाजेपर्यंत चालेल हे तपासणीच्या ठिकाणी आधीच विचारून घ्यावे, बहुधा चालते. मात्र हृदय कमजोर असल्याने ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी आपल्या मनाने तांब्यावर तांब्या पिऊ नये.

त्या गृहस्थांचे क्रिएटिनीन चांगले होते. हृदयाला धोका असताना मूत्रपिंडाच्या भीतीने घरी बसणे बरे नव्हे, हे त्यांना पटले व ते तारीख घ्यायला तयार झाले. पिशवीच्या तळाशी कंबरदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी निघाली. ती तेवढी मी ठेवून घेतली.