तीन गोळ्या जास्त

बँकेत रोखपालाच्या पिंजऱ्यात मी फार वर्षे बसलो नाही, पण संध्याकाळी कॅश जुळवण्याची सवय अंगात मुरली ती मुरलीच. पैसे कमी पडले तर रोखपाल खिशातून भरतो आणि गप्प बसतो. जास्त निघाले की मात्र शाखेत खरी धावपळ सुरू होते. कारण ते कुणाचे तरी असतात आणि तो कुणीतरी उद्या सकाळी दारात उभा राहणार असतो. निवृत्तीनंतर ही सवय कधी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. ती पडली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, लेकीच्या घरात, २६ मार्च २०२० च्या संध्याकाळी. आणि मोजायच्या होत्या औषधाच्या गोळ्या.

लेकीचे बाळंतपण जानेवारीत होते. आम्ही दोघे २९ डिसेंबर २०१९ ला निघालो. परतीचे तिकीट २७ मार्चचे, म्हणजे बरोबर नव्वद दिवस. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतविडा यांची यादी सौ.ने केली, औषधांची मी. माझ्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या एखाद्या दिवशी चुकल्या तर आकाश कोसळत नाही अशी माझी सोयीची समजूत आहे. तिच्या गोळीची गोष्ट वेगळी. लहानपणी ऱ्हुमॅटिक तापाने तिच्या हृदयाची एक झडप निकामी केली. २००४ साली ती काढून तिथे कृत्रिम, आपण ‘मेटल’ची म्हणतो ती झडप बसवली. रात्री घर शांत झाले की तिची बारीक टिकटिक मला ऐकू येते. या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी एक गोळी रोज संध्याकाळी, जन्मभर. नव्वद दिवसांसाठी मी शंभर घेतल्या. दहा जास्त! स्वतःच्या दूरदृष्टीचे कौतुकही वाटले.

१९ मार्चला बातमी आली, की २२ तारखेपासून आठवडाभर परदेशातून येणारे एकही प्रवासी विमान भारतात उतरणार नाही. डब्यात अठरा गोळ्या होत्या. “आठवड्याचाच प्रश्न आहे, बाबा,” जावई म्हणाला. पण त्या आठवड्याला शेपूट फुटणार हे टीव्ही पाहणाऱ्या कुणालाही दिसत होते. २५ मार्चपासून तर अख्खा देशच बंद झाला.

बातमीच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही गावातल्या औषधाच्या दुकानात गेलो. मी स्ट्रिप काउंटरवर ठेवली, पुण्यात कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे ठेवतो तशी. तो आमचा केमिस्ट स्ट्रिप बघतही नाही. “काकूंची ना?” म्हणतो आणि मागचा खण उघडतो. वाण्याकडून गूळ आणावा इतक्या सहजपणे आम्ही सोळा वर्षे हे औषध आणले होते. एडिसनच्या माणसाने स्ट्रिपवरचे कंपनीचे नाव यंत्रात घातले. काही निघाले नाही. मग भिंग लावून खालच्या बारीक अक्षरांतले मूळ नाव वाचले : असेनोकुमारॉल. हे औषध अमेरिकेत विकलेच जात नाही, असे त्याने अगदी आदबीने सांगितले. इथे त्याच जातीचे वॉरफरिन मिळते, पण त्यालाही इथल्या डॉक्टरची चिठ्ठी हवी. पुण्याच्या डॉक्टरांनी लिहिलेले मला चालणार नाही.

तोवर माझी अशी कल्पना होती, की औषध म्हणजे औषध, जगभर एकच. प्रत्यक्षात आपली साधी पॅरासिटॅमॉलसुद्धा तिकडे असिटॅमिनोफेन होते, दम्याचे सालब्युटॅमॉल आल्ब्युटेरॉल होते. माझ्या साखरेच्या एका गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन अशी दोन औषधे आहेत. तशी जोडगोळी तिकडे नाही, दोन वेगळ्या गोळ्या घ्याव्या लागतात. आणि मला स्वतःला काय ठाऊक होते? ‘सकाळची पांढरी’ आणि ‘रात्रीची पिवळी’. कर्जाच्या अर्जात एक रकाना रिकामा राहिला तर तो परत पाठवणारा मी!

भाच्याने पुण्यात साठ गोळ्या घेतल्या, पण त्या पाठवायच्या कशा? कुरिअरवाल्यांनी हात वर केले होते. तशी अमेरिकेत येणाऱ्या पाहुण्याला स्वतःपुरते, साधारण तीन महिन्यांचे औषध मायदेशाहून मागवता येते. पण सोबत डॉक्टरांचे इंग्रजी पत्र, चिठ्ठीची प्रत, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती जोडाव्या लागतात. आमची चिठ्ठी होती बंद घरातल्या कपाटात. शेजारच्या काकूंकडे किल्ली होती. त्यांनी बिचाऱ्यांनी मास्क बांधून फाइल शोधली आणि पानापानाचे फोटो पाठवले. त्यातली चिठ्ठी २०१३ ची. औषधांची मूळ नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत असे मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना सांगितले २०१६ साली. त्यामुळे आमच्या चिठ्ठीला दोष देता येणार नाही, पण ती कुणाला वाचताही येणार नाही.

२६ तारखेला संध्याकाळी मी डबा काढून बसलो. निघाल्या दिवसापासून रोज एक, म्हणजे आदल्या संध्याकाळपर्यंत अठ्ठ्याऐंशी संपल्या. बारा हव्यात. मोजल्या तर पंधरा. पुन्हा मोजल्या. पंधराच.

मी सौ.कडे पाहिले. ती नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही, तेव्हाच मला कळले.

“किती दिवस?” मी विचारले.

“दुकानातून आलो त्या दिवसापासून. अर्धी घेते. अहो, अठराच्या छत्तीस होतात की.”

पाहुणे वाढले की वरणात पाणी वाढवणाऱ्या घरात ती वाढली. तिच्या दृष्टीने हा शहाणपणाच होता. मला राग आला तो तिचा नव्हे. सहा दिवस रोज मी तिच्यासमोर ‘गोळ्या मिळत नाहीत’ एवढेच बोलत होतो, आणि तिने त्यातून आपला मार्ग काढला होता.

लेक उठली. बाळ जावयाच्या हातात दिले आणि फोनला लागली. सातव्या-आठव्या फोननंतर एका हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओवर वेळ दिली. गंमत म्हणजे त्या वाचता न येणाऱ्या चिठ्ठीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. त्यांना हवी होती सौ.ची वही. ज्या वहीत ती दर महिन्याचा आय.एन.आर.चा आकडा आणि त्या वेळचा डोस स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते, ती. काकूंनी फोटोंत तीही पाठवली होती. सोळा वर्षांचे पासबुकच ते.

रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा हा आय.एन.आर. नावाचा आकडा. तिच्या जागच्या झडपेला तो अडीच ते साडेतीन हवा. त्या दिवशी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून बोट टोचून घेतले, तर निघाला १.७. असेनोकुमारॉल शरीरातून झपाट्याने उतरते, वॉरफरिनचा पूर्ण असर चढायला काही दिवस लागतात. मधल्या दिवसांत झडप उघड्यावर. म्हणून पोटात टोचायची इंजेक्शने. ती जावयाने दिली, संगणकाच्या माणसाने, हात न थरथरता. शिवाय एका औषधाचे मिलिग्रॅम दुसऱ्याला लावायचे नाहीत, रुपया-डॉलरसारखा ठरलेला भाव इथे नाही, हेही बाईंनी बजावले. थोडे द्यायचे, रक्त तपासायचे, मग पुढचे ठरवायचे. तीन आठवड्यांत पाच वेळा बोट टोचले. मेथी-पालक बंद करू नका, पण जेवढे रोज खाता तेवढेच खा, एकदम वाढवू नका, असाही हुकूम होता, कारण पालेभाजीतले के जीवनसत्त्व या औषधाच्या उलट काम करते.

वॉरफरिन आणायला मीच गेलो. तिकडे स्ट्रिप नसते. दुकानदाराने ताटलीत गोळ्या ओतल्या आणि चपट्या पट्टीने पाच-पाच करून सरकवल्या. त्याचा हात पाहून मला आमच्या शाखेतला जुना रोखपाल आठवला. मग त्या नारिंगी बाटलीत गेल्या. वर सौ.चे नाव, डॉक्टरांचे नाव, औषधाचे मूळ नाव, ताकद, संख्या. ताकदीप्रमाणे गोळीचा रंगही ठरलेला असतो, पाच मिलिग्रॅमची पीच फळाच्या रंगाची. जावयाने माहिती काढली, की हे औषध आधी, १९४८ पासून, उंदीर मारायला विकले जाई आणि १९५५ साली हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते अध्यक्ष आयसेनहॉवर यांना दिले गेले. सौ. म्हणाली, “उंदरांबरोबर अध्यक्षही होते, एवढे बरे.”

गोळ्या स्वस्त निघाल्या. इंजेक्शने, तपासण्या आणि बाईंची फी यांनी आमच्या प्रवासखर्चाचे कंबरडे मोडले. विमा होता. त्यात ‘आधीपासूनचे आजार वगळून’ हे शब्द होते, बारीक टायपात. माझ्यासारख्याने ते वाचले नव्हते, हे लिहितानाही संकोच वाटतो.

अशी वेळ यायला महामारीच लागते असेही नाही. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमाने जवळजवळ आठवडाभर जमिनीवर ठेवली होती. कुणाचा पाय मोडतो, कुणाच्या सुनेचे दिवस पुढे जातात. म्हणून आता ओळखीतले कुणी मुलांकडे निघाले, की मी नको तितका मागे लागतो. डॉक्टरांकडून टाइप केलेले पत्र घ्या, त्यात आजार, औषधांची मूळ नावे, ताकद, वेळा. औषधे हातातल्या पिशवीत, सामानात नव्हे, आणि मूळ वेष्टनात. घरी आहे त्या चिठ्ठीचा फोटो मुलांच्याही फोनवर. आणि ज्या देशात जाता तिथे ते औषध विकले जाते का, हे निघण्याआधी विचारा, उतरल्यावर नव्हे. जपानमध्ये चिठ्ठीवरची औषधे विशेष कागदाशिवाय एका महिन्यापुरतीच नेता येतात. दुबईला कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली गोळी न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. आपल्याकडे ट्रॅमाडॉल कंबरदुखीवर सर्रास देतात, तेव्हा आजोबांच्या पिशवीत काय आहे ते एकदा पाहावे. लोक माझे ऐकून घेतात आणि लाडवांच्या वजनाकडे वळतात.

आम्ही परतलो जूनमध्ये, ‘वंदे भारत’च्या विमानाने. मुंबईत सात दिवस पदरच्या पैशाने हॉटेलात विलगीकरण झाले. सौ. रोज संध्याकाळी बाटलीतून एक गोळी काढून मला दाखवायची आणि मगच गिळायची. पुण्याच्या डॉक्टरांनी तिला वॉरफरिनवरच ठेवले. रक्त जुळले आहे, म्हणाले, आणि हे औषध परदेशातही सहसा कुठेही मिळते.

परवा भाच्याकडे गेलो होतो. त्याने कपाट आवरताना सापडलेले एक पुडके माझ्या हातात दिले. तपकिरी कागद, वर त्याच्या अक्षरात एडिसनचा पत्ता, तिकीट न लावलेला. आतल्या स्ट्रिपांवरची मुदत केव्हाच उलटून गेली होती. तरी मी सवयीने मोजल्या. साठ भरल्या.