दाखले ग्रुपवर टाकू नका, थेट पाठवा

शिष्यवृत्तीचे फॉर्म सुरू झाले की विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलांचे जातीचे दाखले, आधार कार्ड, पासबुकचे फोटो येऊ लागतात. हेतू मदतीचाच असतो. पण आपण एक गोष्ट विसरतो. व्हॉट्सॲपवर २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. म्हणजे फाईल वाटेत कुणी वाचू शकत नाही. मात्र ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनवर ती पोहोचते. मागाहून डिलीट केली, तरी कुणी सेव्ह केलेली प्रत राहतेच.

म्हणून फॉर्म भरणाऱ्यालाच फाईल थेट पाठवूया. गुगल ड्राइव्हची लिंक दिली, तर ती त्याच्याच ई-मेलपुरती उघडी ठेवूया. जिथे चालते तिथे पहिले ८ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ देऊया. आपल्या लेकरांची कागदपत्रे जपणे आपल्याच हातात आहे.