सगळ्यांनी मिळून उशीर करायचा

न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन इथं 28 जुलै 1973 रोजी सुमारे 6 लाख लोक गाणं ऐकायला जमले होते. ग्रेटफुल डेड, द बँड आणि ऑलमन ब्रदर्स बँड असे तीन नामांकित चमू एकाच मंचावर येणार होते, आणि गर्दीतल्या कित्येकांना तो मंच दिसतसुद्धा नव्हता. म्हणून संगीत कार्यक्रमांचे नावाजलेले आयोजक बिल ग्रॅहॅम यांनी मैदानात लाउडस्पीकरचे मनोरे उभे केले. मंचापासून 200 फुटांवर चार, 400 फुटांवर सहा आणि त्याही मागे आणखी सहा. एवढं तर आपला कुठलाही मांडववाला करील. पण त्यांनी ध्वनियंत्रं बनवणाऱ्या इव्हेंटाइड कंपनीच्या रिचर्ड फॅक्टर यांनाही बोलावून घेतलं, आणि गाणं पहिल्या मनोऱ्यांवर 175 मिलिसेकंद, दुसऱ्यांवर 350 आणि तिसऱ्यांवर 525 मिलिसेकंद मुद्दाम उशिरा वाजेल अशी डिजिटल व्यवस्था केली. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. 525 म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्तच उशीर.

मुद्दाम उशीर कशासाठी? तारेतून संदेश जवळपास त्याच क्षणी पोचतो, पण आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटरच चालतो. उशीर केला नाही, तर मागच्या माणसाला ढोलाचा ठोका आधी शेजारच्या मनोऱ्यातून ऐकू येणार आणि मंचावरचा तोच ठोका अर्ध्या सेकंदानं मागून येणार. मोठ्या मैदानावरच्या सभेत कर्णे ओळीनं लावलेले असले, की वक्त्याचं 'बंधू आणि भगिनींनो' दोन-तीनदा ऐकू येतं, ते यामुळेच.

आपला कान तसा उदार आहे. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं 1949 मध्ये दाखवून दिलं, की एकच आवाज दोन ठिकाणांहून साधारण 30 मिलिसेकंदांच्या आत आला, तर मेंदू त्याचा एकच आवाज करून टाकतो आणि तो आधी पोचलेल्या दिशेनंच आला असं समजतो. म्हणून जाणते ध्वनितंत्रज्ञ मनोऱ्याला हिशेबापेक्षा किंचित जास्तच उशीर देतात. आवाज मनोऱ्याचा असतो, पण ऐकणाऱ्याला गायक समोरच गातोय असं वाटतं. हवेच्या तापमानाकडेही लक्ष ठेवावं लागतं, कारण तापमान एका अंशानं वाढलं की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरनं वाढतो. दुपारी जुळवलेलं रात्री थोडं सरकलेलं असतं.

मैदानात अडचण हवेची होती. घरात ती घड्याळाची आहे. कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा इथं 2002 मध्ये सोनोस ही कंपनी निघाली आणि 2005 मध्ये तिचे पहिले संच बाजारात आले. खोलीखोलीत स्पीकर, मध्ये तारा नाहीत आणि सगळीकडे एकच गाणं, असा तिचा दावा. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्येक स्पीकरच्या पोटात क्वार्ट्झ स्फटिकाचं स्वतःचं घड्याळ असतं, आणि कुठलेही दोन स्फटिक हुबेहूब एका चालीनं चालत नाहीत. दहा लाखांत वीस इतकी चूक साध्या स्फटिकात सहज असते. एक स्पीकर तेवढा पुढे आणि दुसरा तेवढाच मागे पळत असेल, तर तासाभरात दोघांत 144 मिलिसेकंदांचं अंतर पडतं. दिवाणखान्यातली गझल संपलेली असते आणि स्वयंपाकघरात तिचा शेवटचा शब्द अजून शिल्लक असतो.

यावरचा उपाय मुळात गाण्यासाठी शोधलेला नाही. डेलावेअर विद्यापीठात पुढे प्राध्यापक झालेल्या डेव्हिड मिल्स यांनी 1985 मध्ये नेटवर्क टाइम प्रोटोकॉलचा पहिला मसुदा मांडला. आज जगभरचे संगणक याच पद्धतीनं वेळ लावतात. हे मिल्स 2024 च्या जानेवारीत गेले. आपल्याकडे त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. त्यांची पद्धत अशी : मी तुम्हाला वेळ विचारतो आणि विचारल्याची वेळ माझ्या घड्याळात टिपून ठेवतो. तुमचं उत्तर 40 मिलिसेकंदांनी आलं, तर जायला 20 आणि यायला 20 लागले असं मी धरतो, आणि तुम्ही सांगितलेल्या वेळेत 20 मिळवून माझं घड्याळ लावतो. जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागला हे गृहीतक वाय-फायवर वारंवार फसतं, कारण शेजाऱ्याचा राउटर मध्येच बोलायला लागला की माझा निरोप ताटकळतो. म्हणून एकदा विचारून भागत नाही. पुन्हापुन्हा विचारायचं आणि ज्या खेपेला उत्तर सगळ्यांत लवकर आलं त्या खेपेवर विश्वास ठेवायचा. त्या वेळी वाटेत कमीत कमी खोळंबा झालेला असतो.

घड्याळं जुळली, की गाण्याच्या प्रत्येक तुकड्यावर तो केव्हा वाजवायचा ते लिहून पाठवतात. ती वेळ मुद्दाम पुढची असते. ज्याला तुकडा आधी मिळाला तो थांबतो, ज्याला उशिरा मिळाला त्यालाही पुरेसा अवधी असतो, आणि ठरल्या क्षणी सगळे एकदम वाजतात. वॉटकिन्स ग्लेनचीच ही युक्ती. सगळ्यांत उशिरा पोचणाऱ्यासाठी बाकीच्यांनी थांबायचं.

एवढं करूनही स्फटिक आपली चाल सोडत नाहीत. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला 44,100 नमुने असतात. दहा लाखांत विसाची चूक म्हणजे सेकंदाला जेमतेम एक नमुना इकडे-तिकडे. तेवढाच अधूनमधून गाळायचा किंवा घालायचा. कानाला पत्ता लागत नाही. डावा-उजवा असे दोन वेगळे स्पीकर जोडीनं वाजवायचे असतील तेव्हा मात्र उदार कान एकदम काटेकोर होतो. एका मिलिसेकंदाचा फरक पडला, तरी गायिका मधून उठून एका बाजूला जाऊन बसते. या कारागिरीची किंमत बाजाराला नीट कळते. सोनोसनं गूगलवर पेटंटचा दावा लावला आणि 2022 च्या जानेवारीत अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानं गूगलनं पाच पेटंटांचा भंग केल्याचा निर्णय दिला.

पण ही युक्ती ऐकणाऱ्यांची सोय आहे. वाजवणाऱ्यांना तिचा काडीचा उपयोग नाही, कारण वाजवणारा दुसऱ्याचं ऐकून वाजवतो. त्याला अर्धा सेकंद थांबवलं तर तो ऐकणार काय?

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकमेकांत गुंफलेला टाळ्यांचा ठेका धरायला लावला आणि मधला उशीर बदलत नेला. उशीर साधारण 11.5 मिलिसेकंदांहून जास्त झाला की लय ढिली पडू लागे. गंमत म्हणजे तो त्याहून कमी असला, की दोघं हळूहळू पळू लागत. 11.5 मिलिसेकंदांत आवाज हवेतून सुमारे चार मीटर जातो, म्हणजे शेजारच्या साथीदारापर्यंतचंच अंतर. चेफ यांच्या गटानं दूरवर बसून एकत्र वाजवण्यासाठी जॅकट्रिप हे सॉफ्टवेअर केलं होतं. 2020 मध्ये तालमी बंद पडल्यावर कॅलिफोर्नियातल्या रगात्सी बॉइज कोरसची मुलं आपापल्या घरून त्याच्याच आधारानं एकत्र गायली. हे जमलं, कारण सगळी घरं एकाच परिसरात होती.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. न्यूयॉर्क ते मुंबई अंतर अंदाजे 12,500 किलोमीटर. सरळ रेषेत तंतू टाकला, तरी एका दिशेला 62 मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्राखालच्या केबली सरळ जात नाहीत. त्यावर राउटर आणि ॲप यांचा उशीर मिळवला, की जाऊन-येऊन पाव सेकंद सहज होतो. मिनिटाला 240 मात्रांच्या द्रुत तीनतालात पाव सेकंद म्हणजे अख्खी एक मात्रा! न्यू जर्सीतल्या मुलीनं पुण्यातल्या गुरुजींबरोबर साथसंगत करायची म्हटली, तर सम कुणाची, हाच प्रश्न पडेल. हे यंत्राचं नालायकपण नाही. प्रकाशाच्या वेगावर कुठल्याही कंपनीचं अपडेट येणार नाही.

तरीही अमेरिकेतल्या किती तरी मराठी घरांत अशा शिकवण्या चालतात, याचं श्रेय मी आपल्या जुन्या पद्धतीला देतो. गुरूनं बोल म्हणायचे आणि शिष्यानं मागून म्हणायचे, यात पाव सेकंदानं काही बिघडत नाही. सवाल-जवाब समुद्र ओलांडतात, साथसंगत ओलांडत नाही. तेव्हा तालाचं आवर्तन दाखवणारा लेहरा शिष्याच्या बाजूला लावा, गुरूच्या बाजूला नको. म्हणजे निदान शिष्याची लय शाबूत राहील आणि ती गुरूला ऐकूनही तपासता येईल. जमेल तिथं वाय-फाय सोडून केबल जोडा आणि ब्लूटूथचे हेडफोन काढून ठेवा, कारण त्यातच शंभर-दोनशे मिलिसेकंद जातात. ऑनलाइन आरतीला एकानं गावं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून खुशाल मोठ्यानं म्हणावं.