घरातील ब्रह्मकमळाचे पुनरुज्जीवन

महाराष्ट्रात घरोघरी कुंडीत लावले जाणारे ब्रह्मकमळ (शास्त्रीय नाव: एपिफायलम ऑक्सिपेटॅलम) ही निवडुंग कुलातील, मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील वनस्पती आहे. उत्तराखंडचे राज्यपुष्प असलेले हिमालयातील ब्रह्मकमळ (सॉसुरिया ओबव्हॅलाटा) सूर्यफूल कुलातील असून ते याहून सर्वस्वी भिन्न आहे. कुंडीतील ब्रह्मकमळाचे पांढरे, सुगंधी फूल रात्री उमलते व सकाळपर्यंत कोमेजते.

कारणे

मूळ अधिवासात ही वनस्पती वृक्षांच्या फांद्यांवर, साचलेल्या पालापाचोळ्यात वाढते. त्यामुळे तिच्या बारीक मुळांना ओलाव्याइतकीच हवेचीही गरज असते. नांदेड जिल्ह्यातील किनवटसह मराठवाड्यात आढळणारी काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळल्यावर आकसून भेगाळते. केवळ अशी माती भरलेल्या कुंडीत पावसाळ्यात मुळे कुजण्याचा, तर उन्हाळ्यात ती तुटण्याचा संभव असतो.

लक्षणे

पानांसारखे दिसणारे चपटे भाग वस्तुतः खोडे असतात. पाण्याच्या अभावाने ती सुरकुततात, तशीच मूळकुजीनेही सुरकुततात. म्हणून पाणी देण्यापूर्वी माती तपासणे आवश्यक ठरते. माती ओली असूनही खोडे मलूल असल्यास मूळकूज संभवते. अशा वेळी पाणी वाढवल्यास झाड दगावू शकते. कुजलेली मुळे तपकिरी व मऊ असतात. फिकट, करपलेले चट्टे कडक उन्हामुळे पडतात, तर कापसासारखे पुंजके पिठ्या ढेकणाचे असतात.

उपचार

झाड कुंडीतून काढून कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने छाटली जातात. एक-दोन दिवस सावलीत सुकवल्यानंतर ते तळाला छिद्र असलेल्या लहान कुंडीत लावले जाते. मिश्रणात पानखत, नारळाचा काथ्या, जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे वापरतात. आठवडाभर पाणी दिले जात नाही; नवी फूट येईपर्यंत खतही टाळले जाते. पिठ्या ढेकूण ओल्या कापसाने पुसून काढून निंबोळी तेलाची फवारणी करतात.

सर्व मुळे कुजलेली असल्यास खोडाचा निरोगी तुकडा कापून, त्याची जखम काही दिवस सुकू देऊन छाटकलम केले जाते. त्याला फूल येण्यास काही वर्षे लागू शकतात.

निगा

कुंडी पूर्वेकडील खिडकीजवळ ठेवणे हितकारक असते. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारच्या उन्हापासून व उष्ण वाऱ्यापासून झाडाचे रक्षण करावे लागते. मातीचा वरचा २ ते ३ सेंटीमीटरचा थर कोरडा झाल्यावरच पाणी दिले जाते. कुंडीखालील ताटलीत पाणी साचू दिले जात नाही.